बपेऱ्याचा पाहुणा पाणी प्याला

आमच्या घरी रविवार उजाडला हे मागाच्या आवाजावरून कळत नसे, कारण बाबा रविवारीही हातमाग चालवत. धोटा इकडून तिकडे, खाटखुट, खाटखुट, आणि बाजूला आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेली. रविवार कळायचा तो मोरेश्वर दारात सायकल आपटायचा तेव्हा. मोरेश्वर म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा, विलासदादाचा, शाळेपासूनचा मित्र. वरठीच्या पोलाद कारखान्यात कामाला होता. रात्रपाळी सुटली की घरी जाऊन झोपावं, हे त्याला कधी सुचलं नाही. तो स्टेशनवर जायचा, नागपूरहून गाडीनं आलेल्या गठ्ठ्यातून रविवारचा पेपर काढून घ्यायचा आणि लाल डोळ्यांनी थेट भंडाऱ्याला आमच्याकडे. पेपर आमच्या गल्लीतही येत होता, पण तो तासभर उशिरा. तासभर म्हणजे आम्हाला फार वाटे. आई त्याला विचारायची, "काहून रे मोरेश्वर, तुह्या घरी बाज नाही काय?" तो म्हणायचा, "हाय ना काकू, पण बाजेवर कोडं सुटत नाही."

त्या पेपरच्या पुरवणीत मागच्या पानावर शब्दकोडं यायचं. साधं नव्हे. साधं कोडं म्हणजे ‘विष्णूचे एक नाव, चार अक्षरे’, ते शेजारच्या आजीही पापड लाटता लाटता सोडवत. हे गूढ कोडं होतं. यात सूचना वाकडी असायची, एक दाखवायची नि दुसरं मागायची. ‘उलटलं तरी जुनं होत नाही, अक्षरे तीन.’ यावर आम्ही एक अख्खा रविवार घालवला होता. उत्तर ‘नवीन’. मागून वाचा, पुढून वाचा, नवीन ते नवीनच. हे सुटलं तेव्हा शोभा उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आली. शोभा माझी मैत्रीण, मागच्या गल्लीतली, माझ्याच वर्गातली. म्हणजे दादा, मोरेश्वर, शोभा आणि मी, असे चौघं. सगळं कोडं बरोबर सोडवून पाठवणाऱ्याचं नाव पुढच्या आठवड्यात छापून येई, जिल्ह्यासकट. आमचं कधी आलं नाही. तेव्हा जिल्हा नुकताच तुटून गोंदिया वेगळा झाला होता, आणि मोरेश्वरला त्यात आशा दिसत होती. "आता जिल्हा अर्धा झाला बे," तो दादाला म्हणायचा, "आपला चान्स डबल." दादा पदवीधर असूनही यावर मान डोलवायचा.

कोड्यांमुळे आमच्या बोलण्यात नाही नाही ते शब्द शिरले. बेडकाला दर्दुर म्हणतात हे कळल्यापासून शोभानं बेडूक म्हणणं सोडलं. गल्लीतल्या पोरांचा चेंडू अंगणात आला की दादा तो परत फेकताना ओरडायचा, "घ्या रे तुमचा कंदुक!" पोरं घाबरून जात. त्यांना वाटे आपल्या चेंडूला काही लागलं. एकदा मी आईला म्हटलं की तुझ्यात फार तितिक्षा आहे. तिनं कांडी थांबवली आणि बाबांना विचारलं, "पोरीले दवाखान्यात दाखवाव काय?" मी सांगितलं की तितिक्षा म्हणजे सोसण्याची ताकद. आई म्हणाली, "मंग ते मले माहीत हाय," आणि परत कांड्या भरू लागली. अशा शब्दांचा उपयोग काय, हे बाबा नेहमी विचारत. उपयोग काही नव्हता. पण चौघांनाच कळणारं काही असलं की त्या चौघांत बसायला फार बरं वाटतं. मला वाटायचं, हे हातचं गेलं तर मी कोणाशी बोलू?

आता नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्या नियमामुळे झालं. मोरेश्वरला उत्तर सुचलं की तो ओरडून सांगून टाकायचा. बाकीच्यांची सकाळ वाया. एकदा शोभा त्याच्याशी यावरून आठवडाभर बोलली नाही, तेव्हा दादानं ठरवून दिलं की ज्याला उत्तर सुचेल त्यानं ते सांगायचं नाही. मधोमध पितळेचा पाण्याचा गडवा ठेवायचा. ज्याला सुटलं त्यानं गडवा उचलून पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही, हा त्यामागचा विचार. मग उरलेल्यांना कळे की याला सुटलं, आणि त्यांचा जो जळफळाट होई, तो उत्तराहून गोड असे. बाकीचे पायाशी लोळले तरी उत्तर सांगायचं नाही. हा नियम आम्ही इतका पाळला की जेवतानाही कोणी पाणी प्यालं तर बाकीचे संशयानं पाहत. सोप्या रविवारी चौघंही सारखे मोरीकडे जात, आणि बाबा माग थांबवून विचारत, "आज काय खाल्लं रे यायनं?"

मी बी.ए. झाले आणि घरात पाहुणे येऊ लागले. पहिला मुलगा चांगला होता. मी नाही म्हटलं. दुसराही चांगला होता, त्यालाही नाही म्हटलं. बाबा चिडणारे नव्हते, पण हिशेबाचे होते. त्यांनी मला मागाजवळ बोलावलं आणि हात न थांबवता म्हणाले, "हे पाह्य नंदा, आता बपेऱ्याचे येऊन राहिले. हो म्हन का नाही म्हन, तुह्यावर. पण याच्यालेबी नाही म्हटलं तं चवथ्या वेळेस मी विचारनार नाही. मी ठरवीन." बपेरा म्हणजे तुमसरच्या पल्याड, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. त्या घरचा माग आजोबांच्या काळातच मोडला होता, आता धानाची शेती. मुलगा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. शोभानं ऐकलं आणि म्हणाली, "माय वं! तिथं पेपर कवा येते?" मोरेश्वरनं चौकशी करून सांगितलं की संध्याकाळी येतो, कधी दुसऱ्या दिवशी. मी मनात नाही ठरवून टाकलं. चौथ्या वेळी बाबा ठरवतील तर ठरवोत, पण जिथं जन्मभर कोणाशी बोलायलाच मिळणार नाही तिथं आपल्या पायांनी का जायचं? मला खरोखर भीती वाटत होती. रात्री झोप लागत नव्हती, आणि हे मी कोणालाच सांगितलं नाही, शोभालाही नाही.

पाहुणे आले ते नेमके रविवारी. सकाळपासून आमचं कोडं अडलं होतं. सगळे शब्द भरून झाले होते, एक कोपरा सोडून. तिथं एक आडवा शब्द आणि त्याला छेदणारा उभा, दोन्ही रिकामे. आडव्याची सूचना अशी होती: ‘कारण विचार, डोळे कोरडे कर, मग वेचायला माणसं लाव, अक्षरे तीन.’ वेचायचं म्हटलं की आमच्या जिल्ह्यात मोहफुलं. उन्हाळ्यात अर्धी झाडीपट्टी पहाटे टोपल्या घेऊन मोहाखाली असते. आम्ही मोहाला धरून बसलो आणि मोह काही तीन अक्षरांत बसेना. पुन्हा भरून ठेवलेला गडवा तसाच. या शब्दावर एकालाही घोट मिळाला नव्हता. तेवढ्यात आई आली आणि म्हणाली, "उठा आता, पाहुने नाक्यावर आले." घाईत पुरवणी बाजेवर राहिली आणि गडवा तिथंच मधोमध राहिला.

पाहुणे तिघं होते. मुलगा, त्याचे वडील आणि एक मामा. बोलायचं काम मामांकडे होतं. मुलाचं नाव प्रभाकर. अंगानं मजबूत, मिशी बारीक, हात गुडघ्यावर ठेवून बसलेला. दादा आणि मोरेश्वर समोर सतरंजीवर, शोभा स्वयंपाकघराच्या पडद्याआड. आईनं पोहे केले होते, आणि लांबून आलेले म्हणून त्यावर चण्याच्या रश्शाची तर्री. आमच्या आईची तर्री कशी होती हे आमच्या गल्लीला माहीत होतं. बपेऱ्याला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मी बशा दिल्या आणि समोर बसले. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भात मोकळा होतो का हे विचारलं. मग म्हणाले, "काही वाचून दाखव बरं बाई," आणि हाताला लागली ती पुरवणी माझ्यापुढं केली. घडी कोड्याचीच वर होती. मला नाहीतरी नाही म्हणायचं होतं, तेव्हा म्हटलं हेच वाचू. मी स्वच्छ आवाजात वाचलं, "कारण विचार, डोळे कोरडे कर, मग वेचायला माणसं लाव."

मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. आणि त्या मुलानं बशी खाली ठेवली, हात लांब केला, मधला गडवा उचलला आणि एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं. गडवा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलला नाही. मामांनी विचारलं, "काय लिवलं हाय रे हे? तुले समजलं काय?" त्यानं फक्त हात हलवला, म्हणजे राहू द्या. पडद्याआड काहीतरी खाली पडलं, ते शोभाच्या हातातलं ताट होतं. मोरेश्वरचं तोंड उघडं राहिलं. दादानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू घरात वाघ येऊन बसला आहे. चौघांना सकाळपासून न सुटलेलं त्या माणसानं एकदा ऐकून सोडवलं होतं, पाहुण्यांच्या घरी, पोहे खाता खाता. आणि सांगत नव्हता! नियम कोणी शिकवला नव्हता तरी पाळत होता. मला एकदम वाटलं की बपेऱ्याला माझ्यासाठी कोणीतरी बसलेलं आहे.

पाहुणे गेल्यावर बाबांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. बाबांचा विश्वास बसेना. "काहून?" मी बशा गोळा करायला घेतल्या. दादा पुढं होऊन म्हणाला, "बाबा, तो पानी प्याला ना." बाबांनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मंग? बैल हाय काय तो, पानी पेते म्हून घ्याले?" पण हो म्हणजे हो. बाबांनी जास्त खोदलं नाही. हातात आलेलं सूत ओढून पाहायचं नसतं, तुटतं, असं ते नेहमी म्हणत.

पुढच्या रविवारी उत्तर छापून येणार होतं. मोरेश्वरनं पुरवणी उघडली तर कोड्याच्या जागी भोपळ्याच्या घाऱ्या कशा कराव्यात ते दिलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी मुगाचे लाडू. कोडं बंद. का बंद, कोणी सांगितलं नाही. दादानं पेपरला कार्ड टाकलं, जबाब नाही. म्हणजे त्या उत्तराचा, आमच्या ओळखीत, जगात एकच माणूस उरला होता आणि तो माझा होणार होता. शोभा म्हणाली, "नंदे, लग्न झाल्याबरोबर पयले विचारजो." (मला ते उत्तर पुष्कळ वर्षांनी सापडलं. माझी पोरगी पडून रडत होती, मी तिला म्हटलं, "पूस डोळे," आणि मधेच थांबले. कारण विचार म्हणजे ‘का’. डोळे कोरडे कर म्हणजे ‘पूस’. कापूस. आमचा जिल्हा धानाचा, कापूस पाहिला तो बाजारात, आणि ‘का’ तर आम्ही बोलतच नव्हतो, आमचं सगळं ‘काहून’. तरी विणकराच्या घरात बसून हे सुटू नये याची लाज वाटली. पोरगी रडायची थांबली, कारण मी हसत होते.)

लग्न झालं. बपेऱ्याला पहिले दिवस पाहुण्यांत गेले, आम्ही दोघं धड बोललोही नाही. मांडवपरतणीला माझ्या माहेरी, भंडाऱ्याला निघालो तेव्हा एस.टी.त पहिल्यांदा एकमेकांशेजारी बसायला मिळालं. गाडी गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान, आणि मी धीर करून विचारलं, "एक विचारू काय?"

"विचारा ना."

"ते उत्तर काय होतं?"

"कोनतं उत्तर?"

"तुमी पाहाले आले होते तवा. मी वाचलं, आन तुमी पानी प्याले."

ते विचारात पडले. खरोखर आठवून पाहत होते. मग म्हणाले, "तर्री तिखट होती जी. माह्या डोळ्यापुढं अंधार आला. बोलाले गेलो असतो तं रडलो असतो."

तुमसर येईपर्यंत मी बोलले नाही. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग कोणावर करायचा ते कळत नव्हतं. त्यांनी काही फसवलं नव्हतं. आईची तर्री नेहमीसारखीच होती. तुमसरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झालं ते सांगा तरी. आमचे दवाखान्यातले रोगी बोलत नाहीत, तुमी तं बोला." मग मी सगळं सांगितलं. गडवा, नियम, चौघं, सगळं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "मंजे मले ते येते, असं समजून तुमी हो म्हटलं."

"हो."

"नाही तं नाही म्हननार होत्या."

"हो."

रस्त्यानं एक म्हशींचा कळप गेला, त्यातल्या एका लंगड्या म्हशीकडे त्यांनी मान वळवून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तं आता मी विचारतो. मले कोडं येत नाही. येईल असंबी वाटत नाही, मी कायले खोटं बोलू? तुमच्याच घरी चाललो हाव. तुमाले तिथंच राहाचं असंल तं राहा. मी एकटा वापस जाईन, आन घरी सांगीन का खोट माह्यात हाय. तुमच्यावर काही येऊ देनार नाही. सांगा." इतका सरळ प्रश्न मला तोवर कोणी केला नव्हता. वाकड्या सूचना मी शेकड्यानं सोडवल्या होत्या. मी म्हटलं, "आता नाही सांगता येत." ते म्हणाले, "ठीक हाय." भंडारा येईपर्यंत आम्ही भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या, सालं ते आपल्या रुमालात गोळा करत होते.

घरी ओवाळणं झालं, जेवणं झाली. आईनं जावयासाठी मटणाचा रस्सा केला होता, आणि या वेळी तिखट निम्मं घातल्याचं तिनं मला कानात सांगितलं. तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मग सतरंजी टाकली आणि दादा, मोरेश्वर, शोभा येऊन बसले. मोरेश्वर पाळी बदलून आला होता. शोभा नवी साडी नेसून आली होती. मोरेश्वरनं खिशातून त्या पुरवणीचा तुकडा काढून मधोमध ठेवला. इतके दिवस त्यानं तो जपून ठेवला होता, घडीवर फाटायला आला होता. "जावईबापू," तो हात जोडून म्हणाला, "आता तं सांगाच. कोडं बंद पडलं, नियमबी बंद. आमचा जीव अटकून हाय. काय होतं ते?"

दादानं मागं वळून बाबांना हाक मारली, "बाबा, माग थांबवा जरा." बाबांनी थांबवला. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. यांनी तुकड्याकडे पाहिलं, मग त्या तिघांकडे, आणि मला स्पष्ट दिसलं की हा माणूस आता खरं सांगणार. मला कोडं येत नाही, मला तिखट लागलं होतं, असं दोन वाक्यांत सांगणार. मोरेश्वर जमिनीवर लोळून हसेल. शोभा महिनाभर हसेल. दादा प्रत्येक दिवाळीला सगळ्यांपुढे तर्रीची गोष्ट सांगेल. आजवर अशा हसण्यात मीच सगळ्यात पुढं असायची. पण हे तिघं या माणसाला हसतील, ही कल्पनाच मला सहन होईना. यांनी बोलायला तोंड उघडलं.

"सांगू नका हो," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही. मी त्यांच्याकडे पाहून पुन्हा म्हटलं, "त्यायचं त्यायले सुटू द्या. आपन कायले सांगाचं?"

त्यांनी तोंड मिटलं. शोभा ओरडली, "माय वं, पाहा हो काकू, आतापासूनच आपन म्हनून राहिली!" मोरेश्वरनं कपाळावर हात मारून घेतला. दादा मात्र खूश झाला, मागाकडे वळून म्हणाला, "पाहा बाबा, नियम म्हंजे नियम! असा जावई भंडाऱ्यात भेटला असता काय?" बाबांनी माग सुरू केला. त्या दिवसापासून बपेऱ्याच्या जावयाला कोणतंही कोडं पाहताक्षणी सुटतं, अशी आमच्या माहेरी ख्याती झाली ती आजतागायत. सणावाराला लोक अडलेली कोडी आणून दाखवतात. हे शांतपणे वाचतात, मान हलवतात आणि परत देतात. दादा हे प्रकरण वाचेल तेव्हा वाचेल, आता त्याचं वय झालं आहे, धक्का सोसेल.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. आईनं डोळ्याला पदर लावला, शोभा एस.टी. सुटेपर्यंत खिडकीशी उभी होती. वरठीचा फाटा गेला, मोहाडी गेली, तुमसरला गाडी पुन्हा तशीच वेळ काढत थांबली. मी वाट पाहत होते की आता हे तो प्रश्न पुन्हा विचारतील. त्यांनी विचारलं नाही. तुमसरला खाली उतरले, दोन कप चहा घेऊन वर आले, आणि मला म्हणाले, "घ्या. घर जवळच हाय आता."